गुलाबी आली की टाळी

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना सगळी शाळा ‘भिंगरी’ म्हणायची. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यातलीच. पण मी उगाच फिरते, आणि सर कशापासून तरी लांब राहायला फिरायचे. ते कशापासून, हे कळायला मला अकरावीचं निम्मं वर्ष लागलं, शिवाय एक गाढवपणा करावा लागला.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होती. तीन लांब दगडी ओटे, प्रत्येकावर दोन नळ, आणि सहा नळांपैकी पाणी देणारा एकच. खिडक्यांच्या काचांना निम्म्यापर्यंत पांढरा रंग फासलेला, म्हणजे आम्ही बाहेर बघू नये. मुलं चाळीस आणि स्टुलं तीस. ही स्टुलांची रड जुनी होती, अर्ज करून करून सर थकले होते. शेवटी त्यांनी एक नियम काढला. उभं असलेल्यानं बसलेल्याच्या खांद्याला हात लावायचा, बसलेल्यानं मुकाट्यानं उठायचं. तासभर हे चालायचं. दारातून कोणी डोकावलं तर त्याला कायम तीस बसलेले आणि दहा उभे दिसायचे.

“बाहेरच्याला वाटेल इथे काही घडतच नाही,” सर म्हणायचे. “दहा उभे आहेत खरे, पण ते मघाचे दहा नव्हेत.”

आयनिक समतोलाचं प्रकरण त्यांनी या स्टुलांवरच शिकवायला घेतलं होतं. तीव्र आम्ल म्हणजे सगळा वर्ग उभा. दुर्बल आम्ल म्हणजे आळशी वर्ग, शंभरातला एखादा उठलेला, बाकी सगळे आपले बसून. त्या उठलेल्याला कोणी बाहेर ओढून नेला की लगेच दुसरा उठतो, तोही गेला की तिसरा, असं करत अख्खा वर्ग रिकामा होतो. हे सांगताना सर फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत अशा येरझाऱ्या घालायचे, की त्यांच्याकडे बघता बघता आमच्या माना दुखायच्या. मला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं अर्धं लक्ष कोणाच्या खांद्याला हात लावू याकडे, उरलेलं घंटेकडे. चाचणीत या प्रकरणाला मला वीसपैकी दोन गुण मिळाले. पेपर देताना सर म्हणाले, “चुळबुळ, हे दोनही मी दयेनं दिलेत.” तेव्हापासून वर्गात माझं नाव चुळबुळ पडलं.

सरांचा दुसरा नियम टाळीचा. टायट्रेशन दाखवताना ते फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचे, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं सोडायचे. पाण्यासारखं स्वच्छ असलेलं ते द्रावण सगळं आम्ल संपताक्षणी फिकट गुलाबी होतं. ही गुलाबी ज्याला आधी दिसेल त्यानं टाळी वाजवायची. टाळी पडली की सर तोटी बंद करायचे आणि आकडा वाचायचे. आम्हाला हा खेळ फार आवडायचा. मुलं घारीसारखी फ्लास्कवर नजर लावून बसायची, कारण पहिली टाळी कोणाची यावर मधल्या सुट्टीत पैजा लागायच्या. दुसऱ्या शाळेतली मुलं गडद गुलाबी होईपर्यंत सोडा ओतायची म्हणे. आमच्या मुलांना मात्र गुलाबी यायच्या आधी तिची चाहूल लागायची.

सरांच्या आधीच्या आयुष्याबद्दल आम्हाला थोडंच ठाऊक होतं. ते एका छोट्या दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. लहानपणी पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं की हिरवे आणायचे आणि मार खायचे, ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे, आणि आम्हीही हसायचो. आकड्यांत ते वाघ होते. वर्गात कोणाचा गुणाकार चुकला तर फळ्याकडे पाठ असतानाही ओळखायचे. नोकरी लागल्यापासून एकोणीस वर्षं याच खोलीत, याच ओट्यांमध्ये फिरत होते. त्यांच्यासोबत तितकीच वर्षं इथे असलेले परिचर, ज्यांना आम्ही बाटलीकाका म्हणायचो, ते बाटल्या अशा लावायचे की डोळे मिटून हात घातला तरी हवी ती हाताला यावी. आम्हाला वाटायचं, काका शिस्तीचे.

गाढवपणा केला तो शेवटच्या तासाला. दुर्बल आम्ल आणि तीव्र सोडा यांचं टायट्रेशन चाललं होतं, आम्ल व्हिनेगरमधलं, सगळ्या खोलीभर त्याचा आंबट वास. फ्लास्कवरून नजर काढून कोणी उठेना, म्हणून मी पाऊण तास उभी होते, पाय वळवळत होते, आणि थेंब तर काही संपत नव्हते. मला वाटलं, एक टाळी पडली की सुटलो. फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ होता आणि मी टाळी वाजवली. एकाला जांभई आली की दुसऱ्याला येते, तशा मागून आणखी दोन टाळ्या पडल्या.

सरांनी तोटी बंद केली. फ्लास्क उचलून आमच्यासमोर धरला आणि म्हणाले, “वा. काय नाजूक गुलाबी आहे बघा. याला म्हणतात अचूक शेवट.”

कोणी हसलं नाही. हसू येण्याआधी मागून आवाज आला, “कुठे आहे गुलाबी?”

दारात पर्यवेक्षक उभे होते. त्यांना आम्ही घड्याळ म्हणायचो, कारण बोलताना ते माणसाकडे न बघता मनगटाकडे बघायचे. त्या दिवशी मात्र ते सरळ फ्लास्ककडे बघत होते. सरांनी फ्लास्क खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, आणि म्हणाले की हवेनं उडतो रंग कधीकधी. हे खरंही आहे, उडतो. पण आधी असावा लागतो. चाळीस मुलं खाली मान घालून बसली, त्यातली दहा उभ्यानं. पर्यवेक्षकांनी मनगटाकडे नजर टाकली आणि गेले.

संध्याकाळी घरी आले तर शिवणयंत्रावर कपड्यांचं बोचकं पडलेलं. आई घरीच शिवणकाम करायची. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वर्षातून दोनदा सरांचे कपडे घेऊन यायच्या आणि शर्टाच्या कॉलरखाली, पँटच्या कमरेत आतल्या बाजूनं काळ्या दोऱ्याचे टाके घालून घ्यायच्या. राखाडीला एक, तांबूसला दोन, हिरव्याला तीन, तपकिरीला चार. आई म्हणायची, धोब्याची खूण असेल, आपल्याला काय करायचंय. मी त्या दिवशी ते शर्ट उलटेपालटे करत बसले. धोब्याला खूण करायची तर सगळ्या कपड्यांना एकच करतील ना? ही खूण कपडा कोणाचा ते सांगत नव्हती. ती रंग सांगत होती. हिरवे टोमॅटो आठवले, बाटलीकाकांच्या बाटल्या आठवल्या, एकोणीस वर्षांच्या टाळ्या आठवल्या. त्या माणसाचे डोळे आम्ही होतो, आणि मी घरी लवकर जायला मिळावं म्हणून ते फोडले होते.

चार दिवसांनी सूचनाफलकावर कागद लागला. पुढच्या सोमवारी तपासनीस बाई येणार, सरांचा प्रात्यक्षिकाचा पाठ बघणार, विषय तोच, दुर्बल आम्लाचं टायट्रेशन. वर्गानं पूर्ण शांतता पाळावी, टाळ्या वगैरे पोरखेळ चालणार नाहीत, ही खालची ओळ पर्यवेक्षकांची. पाठ पसंत पडला नाही तर सरांना पाचवी-सहावीचं गणित देणार आणि प्रयोगशाळा नव्या शिक्षकाकडे जाणार, हे कागदावर नव्हतं, पण शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. दोन मुली कोपऱ्यात कुजबुजल्या तरी मला वाटायचं, माझंच चाललंय. जेवताना उठायची, अभ्यासाला बसले की उठायची. आई म्हणाली, तुझ्या अंगात काय शिरलंय. तिला काय सांगणार? शेवटी मधल्या सुट्टीत मी जिना चढले. बाटलीकाका परीक्षानळ्या धूत होते, सर काट्यावर काहीतरी वजन करत होते. मला बघून त्यांनी काटा सोडला आणि फिरायला लागले.

“सर, तुम्हाला गुलाबी दिसत नाही,” मी म्हणाले. विचारायचं ठरवलं होतं, सांगूनच टाकलं.

त्यांचं फिरणं थांबलं नाही. कपाटापर्यंत गेले, परत आले. काकांच्या हातातली नळी तशीच नळाखाली राहिली.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. शर्टांच्या टाक्यांवरून कळलं.”

आणखी एक फेरी झाली. मग त्यांनी विचारलं, “आणि परवाची ती टाळी?”

“माझी होती.”

त्यांना राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. कानशिलं तापली. मला वाटलं, आता हात उठेल, उठला असता तर बरंच वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “एकोणीस वर्षांत एकदाही खोटी टाळी पडली नव्हती गं.”

मला रडू फुटलं. ते थांबेपर्यंत सर फिरत राहिले. मग मी नाक पुसत म्हणाले की दुसऱ्या रंगाचं काहीतरी असेलच ना, ज्या रंगाचा बदल सरांना दिसतो असं. सर उपहासानं हसले. त्यांना काय ते माहीत नव्हतं? पुस्तकात फिनॉल्फ्थॅलिन, परीक्षेत फिनॉल्फ्थॅलिन. दुसरी बाटली बाहेर काढली की कोणीतरी विचारणार, ही का? आणि त्या ‘का’ला द्यायचं उत्तर एकोणीस वर्षं त्यांच्या घशात अडकलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नंतर सांगायची वेळ टळत गेली, आणि जितकी टळली तितकी सांगायची भीती वाढली.

मी म्हटलं, “मग गणित शिकवणार तुम्ही?”

हे लागलं असावं. ते पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अर्थात एक पाय हलताच होता. म्हणाले, “पिवळं आणि निळं मला दिसतं. कपाटाच्या खालच्या खणात जुन्या दर्शकांच्या बाटल्या आहेत. कोणती चालेल ते तू शोधायचं. आणि का चालेल, तेही सांगायचं. जमलं तर सोमवारी मी ती बाटली टेबलावर ठेवीन. नाही जमलं तर गणित काही वाईट विषय नाही.”

वीसपैकी दोनवाल्या मुलीवर त्यांनी हे टाकलं. मला त्या क्षणी वाटलं की त्यांना बाटली काढायचीच नाही, म्हणून माझ्या गळ्यात मारली. आजही तो संशय पुरता गेलेला नाही.

हातात पाच दिवस होते. बाटलीकाकांनी खण उघडून दिला. सतरा बाटल्या, काहींची चिठ्ठी उंदरांनी खाल्लेली. कोणता दर्शक कोणत्या पीएचला बदलतो याचा तक्ता पुस्तकाच्या मागे होता. पिवळ्याचा निळा होणारा पहिला सापडला तो ब्रोमोथायमॉल ब्लू, आणि तो बदलतो सातच्या आसपास. मी आनंदानं उडीच मारली. आम्ल संपलं, सोडा संपला, उरलं मीठ आणि पाणी, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी, सात. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, ब्युरेट भरून माझ्या हाती दिली. थेंब पडत गेले. पिवळं द्रावण हळूहळू हिरवट व्हायला लागलं, मग आणखी हिरवट, मग निळसर, मग थोडं आणखी निळसर. वीस-पंचवीस थेंब हा रेंगाळण्याचा कारभार चालला. सर म्हणाले, सांग, कुठे थांबायचं? मला सांगता येईना.

“सात कोणी सांगितलं तुला?”

“सगळेच सांगतात.”

“सगळे बसलेले असतात तेव्हा तू उभी असतेस ना? मग याच बाबतीत सगळ्यांबरोबर का बसलीस?”

पुढचे दोन दिवस मी त्या प्रकरणावर अक्षरशः डोकं आपटलं. जिन्यात, गच्चीवर, आईच्या यंत्राशेजारी, एका जागी बसवेना म्हणून फिरत फिरत. आणि शनिवारी सकाळी, दात घासता घासता, एकदम स्टुलं आठवली. आळशी वर्गाला बाहेर काढला खरा, पण त्यांची सवय कुठे जाते? दुर्बल आम्ल म्हणजे हायड्रोजनला घट्ट धरून बसणारं. सोड्यानं त्याच्याकडचा हायड्रोजन काढून घेतला, तरी उरलेला तो आयन हात रिकामे म्हणून अस्वस्थ. समोर दिसतं ते पाणी. मग तो पाण्याकडूनच थोडे हायड्रोजन ओढतो. आणि पाण्याचा हायड्रोजन गेला की मागे काय राहतं? हायड्रॉक्साइड, आम्लारीधर्मी. म्हणजे आम्ल संपलं त्या क्षणी पाणी सातवर नसतंच, पुढे सरकलेलं असतं. तोंडात फेस तसाच ठेवून मी वही ओढली आणि गणित मांडलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, आठ पूर्णांक सात.

तक्त्यात आठ ते नऊ पूर्णांक सहाच्या मध्ये बदलणारा, पिवळ्याचा निळा होणारा एक दर्शक होता, थायमॉल ब्लू. शनिवारची शाळा अर्ध्या दिवसाची. मी धावतच जिना चढले. खणातल्या बाटल्यांत तो होता, तळाशी बोटभर. बाटलीकाकांनी बाटली पुसली आणि हळूच म्हणाले, “ही मी सरांना बारा वर्षांपूर्वी दाखवली होती.” सरांनी माझी वही उभ्याउभ्या वाचली. गणितात मधल्या एका पायरीला एक चिन्ह लिहायचं राहिलं होतं, ते भरलं, आणि बाटली खिशात टाकून निघून गेले. सोमवारी काढणार की नाही, काहीच म्हणाले नाहीत. तो रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत.

सोमवारी तपासनीस बाई मागच्या ओट्यापाशी बसल्या. पर्यवेक्षक दाराशी. त्या दिवसापुरती कुठून तरी दहा स्टुलं गोळा करून आणली होती, त्यामुळे आम्ही सगळे बसलेले, आणि मला बसवत नव्हतं. सरांनी आम्ल मोजून घेतलं, ब्युरेट भरली, हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला. टेबलावर फिनॉल्फ्थॅलिनची बाटली नेहमीच्या जागी होती. मग खिशातून ती बोटभर उरलेली बाटली निघाली.

बाईंनी लगेच विचारलं, पुस्तकात तर फिनॉल्फ्थॅलिन दिलंय, हे का?

सर थांबले. फिरायचे थांबले, हात हलायचा थांबला, पायही थांबला. आम्ही त्यांना असं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

“मला गुलाबी दिसत नाही, बाई,” ते म्हणाले. “जन्मापासून. लाल-हिरवंही वेगळं कळत नाही. पिवळं-निळं कळतं. आजवर ही मुलं टाळी वाजवून मला सांगायची. हा रंग बरोबर जागी बदलतो. का बदलतो, ते ही मुलगी सांगेल.”

मी उठले. काय बोलले ते नीट आठवत नाही, स्टुलांचं बोलले, रिकाम्या हातांचं बोलले, आठ पूर्णांक सात बोलले. मध्ये एकदा पर्यवेक्षकांनी घसा खाकरला, तेव्हा बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. मी बसल्यावर त्यांनी सरांना फक्त किती वर्षं असं विचारलं. सरांनी एकोणीस म्हटलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

त्यांचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. पाठ उत्तम, शिक्षकांना आहे त्याच जागी ठेवावं, थायमॉल ब्लूची नवी बाटली मागवावी, आणि प्रयोगशाळेला दहा स्टुलं द्यावीत. सर पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत शिकवत राहिले. बाटली आली. स्टुलं अजून यायची आहेत. मी आज एका औषधांच्या कारखान्यात द्रावणं तपासते, उभ्यानंच.

पण त्या सोमवारी अहवाल अजून आलेला नव्हता. आम्ही चाळीस जण हात मांडीखाली दाबून बसलो होतो, चुकून टाळी वाजू नये म्हणून. सरांनी तोटी सोडली. फ्लास्कमधलं द्रावण पिवळं होतं आणि पिवळंच राहिलं. थेंब पडायचा, निळा डाग उमटायचा, सर फ्लास्क हलवायचे, डाग विरायचा. ते वाकले, नाक फ्लास्कला टेकेल इतके. आम्ही आता फ्लास्ककडे बघतच नव्हतो, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एक थेंब, हलवला, पिवळा. आणखी एक, पिवळा. आणखी एक पडला आणि फ्लास्क निळा झाला, हलवला तरी निळाच राहिला.

आमच्यातल्या कोणीही हूं की चूं केलं नाही. सरांनी तोटी बंद केली, फ्लास्क ओट्यावर ठेवला, आणि भरल्या वर्गासमोर स्वतःच टाळी वाजवली.